सुटला, सुटला, साहेब सुटला!

"सुटला, सुटला, सुटला! कंपनीचा साहेब सुटलाऽऽ! भिर्रर्र!"

साहेबांनी माइकपुढे नुसता घसा खाकरला होता. या आरोळीने ते असे दचकले आणि असे बोलत सुटले, की पाणी प्यायलाही थांबले नाहीत.

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या माळावर सोलर प्रकल्प यायचा होता, आणि मंडपात गावाचं म्हणणं ऐकायची सभा चालू होती. ओरडणारे गृहस्थ आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींचे अनाऊन्सर. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचा आवाज ऐकून पेठच्या हायवेवर ट्रक साइड देत. तुम्ही निम्मं धरा.

त्यांच्या हाती माइक द्यायची अक्कल माझी. मी गावचाच, पण कंपनीचा पर्यावरण-पाहणीचा माणूस. माळावर पक्षी मोजताना एकाच टिटवीला मी इतक्यांदा मोजलं, की पुढे ती मला नावाने हाक मारू लागली. बाकी माझ्या हाकेला घरचं मांजरही येत नाही. गर्दी जमवायला आबाच हवे होते.

गाडे पळतात तो शर्यतीचा घाटही प्रकल्पाच्या कुंपणात जाणार होता. साहेब चांगले होते. "सभेत कुणी हरकत घेतली तर घाट सोडू," असं त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं. मी निर्धास्त. आबा असताना घाटाला काय धाड भरली आहे!

घाटावर आबांची एक रीत होती. माइक हातात आला की ते कुणाचेच नसत. सख्ख्या मेव्हण्याचा गाडा पळाला तरी एक शब्द जास्त नाही, आणि शेवटून पहिल्या आलेल्या गाड्यालाही, "बैल लई देखणा व्हता, टाळ्या!"

सभेतही तेच. कुणी पाणंदीचं विचारलं, "दमदार प्रश्न!" कुणी पोराच्या नोकरीचं विचारलं, "वाऽऽ, काय उडी घेतलीय!" एका म्हातारीने शेरडं कुठं चारायची म्हणून विचारलं, तर, "आजीचा गाडा एक नंबर!"

"गाडा न्हाई रं मुडद्या, शेरडं!"

ऊन कलायला लागलं. घाटाचं कुणीच काढेना. मागून कुणीतरी कुजबुजलं, "घाटाचं?" दुसरा म्हणाला, "ते आबा बोलत्याल की. शेवटला राखून ठेवलंय त्यांनी."

"घाटाचं कोण बोलणार हाय का?" आबा माइकवर गर्जले. "या पुढं! अजून येळ हाय!"

सगळा मंडप आबांकडे बघून कौतुकाने हसला. काय रंगत आणतोय गडी! टाळ्या सुरू केल्या त्या मीच.

आबांनी पुन्हा पुकारा केला. या वेळी आवाज जरा चिरकला. मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मग ते "मैदान संपलं" म्हणाले आणि माइक खाली ठेवला.

आता घाटावर निळ्या काचा उन्हाकडे तोंड करून बसल्यात. यात्रेला आमचे गाडे पलीकडच्या गावात पळतात. तिथे त्यांचा अनाऊन्सर आहे. आबा जुन्नरला लेकीकडे असतात, आणि फोनवर इतकं हळू बोलतात की ओरडावं मला लागतं.

मागे एकदा ओरडूनच विचारलं, "आबा, माइक तुमच्याच हातात होता! घाटाचं तुम्हीच का नाही बोललात?"

"अनाऊन्सरचा गाडा नसतो, राव."