वईपलीकडचं पाणी

एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्व बंगालात सैन्य घालावं की नाही, याचा निकाल निर्मळ गावात आमच्या ओटीवर लागला होता. निकाल देणारा मी. वय बावीस, नोकरी नाही, आवाज मात्र रेडिओपेक्षा मोठा. वडील म्हणायचे, “दुसऱ्याच्या घरची भानगड. आपण कशाला?” मी म्हणायचो, “माणसं जीव घेऊन पळून येतायत. ज्याच्यावर अन्याय होतोय तोच हाक मारत असेल, तर ती अंतर्गत बाब राहत नाही. हद्द ओलांडायलाच हवी.” हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की दिवसातून चारदा म्हणायचो.

शेजारच्या वाडीतली काकू ते ऐकायची. नवरा वारल्यापासून तिचे दोन दीर मधली वई, म्हणजे काटेरी कुंपण, दरवर्षी हातभर तिच्या बाजूला सरकवत होते. त्या वर्षी तिचं आणि दिरांचं सामाईक बावखल, वाडीला पाणी देणारं तळं, अख्खं वईपलीकडे गेलं. काकूकडे होत्या पानवेली. रेताड जमीन, वेलींना पाणी रोज लागायचं.

एका सकाळी ती ओटीखाली येऊन उभी राहिली.

“एवढं सैन्य पाठवतोयस, तर दोन माणसं घेऊन तेवढी वई तोडून दे. मी हाक मारतेय. ऐकू येतंय ना?”

मी वडिलांकडे पाहिलं. “त्यांची भावकी आहे,” ते म्हणाले. “भावकीत बाहेरच्यानं पडू नये.”

आणि ओटीवरचा सरसेनापती काय म्हणाला? “काकू, जरा सामोपचारानं घ्या ना.”

हे लिहितानाही माझं डोकं तापतं. दिरांवर तर राग आहेच. ते निदान उघडपणे चोर होते. पण लग्नकार्यात एकमेकांच्या चुलीपर्यंत जाणारं आमचं गाव! बाईचं पाणी तोडलं तेव्हाच बरी सगळ्यांना हद्द आठवली. आणि भावकी हा शब्द मला त्या दिवशी किती सोयीचा वाटला, ते मी विसरलेलो नाही.

दोन आठवड्यांत युद्ध संपलं. मी पेढे घेऊन काकूकडे गेलो. वेली करपून लोंबत होत्या. तिनं पेढ्याला हात लावला नाही.

“पाणी आणलंस?”

घरी येऊन कोयता घेतला आणि वई तोडायला लागलो. तिसऱ्याच घावाला लेंगा काट्यांत अडकला. दोघे दीर पलीकडे उभे. आता धावून येतील म्हणून मी दात आवळले. थोरला म्हणाला, “लेंगा फाटेल रे,” आणि घरात निघून गेला. धाकटा त्याच्यामागून.

बस. सगळं गाव ज्याला बिचकत होतं, ते एवढंच होतं.

काकूनं पदर खोचला आणि त्या भगदाडातून घागर भरून आणली. मग दुसरी, मग तिसरी. मेलेल्या वेलींच्या मुळाशी ती पाणी ओतत राहिली, आणि थांबा म्हणायचं तोंड मला नव्हतं.