बेटावरून आलेलं पाखरू

सत्तरच्या दशकात मी नागपुरात, कामठी रोडजवळच्या एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवत होते. माझा मोठा भाऊ कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. एका हिवाळ्यात त्यानं मला जुन्या कॅलेंडरचं एक पान दिलं. त्यावर समुद्राकाठी उभा असलेला सोनचिखल्या होता. पाठीवर सोनेरी ठिपके, काड्यांसारखे पाय. हा पक्षी अंडी घालतो पार उत्तरेच्या गोठलेल्या मुलखात आणि थंडीचे दिवस काढायला दूरदूरच्या बेटांवर जातो, असं भावानं सांगितलं.

मी ते चित्र वर्गात लावलं आणि भावानं सांगितलेलं सांगायला लागले, पण मुलं 'बेट' या शब्दावरच अडली.

"बाई, बेट म्हंजे काय?"

"चहूकडे पाणी आणि मधे जमीन."

"फुटाळा तलावाइतकं पाणी?"

समुद्र तोवर मीही पाहिला नव्हता. म्हणून मी मुलांना पटांगणात नेलं. पटांगण म्हणजे समुद्र, आणि इथंतिथं टाकलेली बसायची तरटं म्हणजे बेटं. उडायचं, दमलं की बेटावर उतरायचं. ऊन कोवळं होतं. हात पसरून मुलं गोल गोल फिरायला लागली, आणि त्यांच्याकडे बघता बघता पायाखालची जमीन हलकेच डुलतेय असं मला वाटायला लागलं.

एक मुलगी मात्र कुठंच उतरेना. ती आईबरोबर आजोळी राहायची. वडील फौजेत होते, अंदमानला. वर्गात ती दिवसदिवस तोंड उघडत नसे. तिला धाप लागलेली पाहून मी तिला थांबवलं.

"काहून बसत नाही वं?"

"माह्या बाबाचं बेट आलंच नाही अजून."

मी एक तरट उचललं आणि पार कुंपणापाशी नेऊन टाकलं. ती तिथवर उडत गेली, टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. बाकीची मुलं वर्गात गेली तरी मी तिला उठवलं नाही.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. शाळेमागचा तलाव तेव्हा आटत आलेला असायचा. एकदा मुलांना तिकडे फिरायला नेलं, तर टिटव्यांपासून जरा दूर, ओल्या चिखलात एक पाखरू एकटंच उभं होतं. पोटावर काळे डाग, पण पाठ चित्रातल्यासारखीच सोनेरी, उन्हात चमकत असलेली. चार पावलं पळायचं, थबकायचं, पुन्हा पळायचं. मी मुलांना गप्प बसायची खूण केली.

ती मुलगी माझ्या पदराशी आली. "बाई, हे बेटावरून येऊन राहिलं ना?"

"आलं असेल. आता ते उत्तरेला चाललंय."

ती काठाशी जाऊन उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "माहे बाबा दिसले काय तुले?"

पाखरानं मान तिरपी केली, क्षणभर तसंच राहिलं आणि उडून गेलं. ती वळली ती हसतच. "दिसले म्हंते!"

खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक होतं! मी तिचा चिखलाचा हात धरला, आणि परत येताना ती वाटभर बोलत होती: बाबांच्या मिशांबद्दल, त्यांच्या ट्रंकेबद्दल, ते कसे शीळ घालतात त्याबद्दल.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास तिची आई दाखला न्यायला आली. नवऱ्याला तिकडे क्वार्टर मिळालं होतं. मद्रासपर्यंत रेल्वे आणि पुढं जहाज. "मले तं भेव वाटते बाई," ती म्हणाली, "पण ही पोरगी मलेच धीर देऊन राहिली."

मुलगी दारात उभी होती, केसांना भरपूर तेल, पायात नव्या चपला. मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिनं विचारलं, "बाई, तिथल्या शाळेत मी बोलू काय?"

"खूप बोल," मी म्हणाले.