मागचा पंखा
आपट्याची पानं घरात आली की त्यांच्या हिरवट वासासोबत मला लालबागच्या आमच्या फोटो स्टुडिओतली ती सकाळ आठवते. दसऱ्याचा दुसरा दिवस होता, संध्याकाळी जवळच्या बहादरपूर गावचे लोक लग्नाचा व्हिडिओ न्यायला येणार होते, आणि कालच हळदकुंकू लावून पूजलेला कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर एवढंच सांगत होता की त्याला गार ठेवणारा मागचा पंखा सापडत नाही. "पंखा तर डोळ्यांसमोर आहे ना, मग हा कोणाला शोधून राहिला?" नवरा चिडून म्हणाला. त्याने पंख्याची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, दुसऱ्या पिनांवर लावून पाहिली, पण पंखा काही फिरेना आणि कॉम्प्युटरला तो दिसेना. शेवटी पंखा जळाला असं धरून त्याने स्क्रू काढले, तर पात्यांत अडकलेलं, कुंकू लागलेलं आपट्याचं पान खाली पडलं. चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मीच सरकवलं काल पूजेच्या वेळी मागच्या जाळीतून. साऱ्या गल्लीला सोनं दिलं, मग आपलं घर चालवणाऱ्याला नाही द्यायचं का?" नवऱ्याने पंखा परत लावून बटण दाबलं, तो घरघरत फिरला, पडदा उजळला, आणि आम्ही तिघं इतके हसलो की चहा बशीत सांडला. सासूबाई आजही दसऱ्याला कॉम्प्युटरला सोनं देतात. फक्त आधी जाळीमागे तळहात धरतात, वारा लागला की पान वरती ठेवतात आणि त्याला बजावतात, "घे, पण गिळू नको."