कुलूपमामाची हाक

माझ्या मामाला सगळी गल्ली कुलूपमामा म्हणते. मामीसुद्धा चिडली की म्हणते, "अहो कुलूपमामा, तोंडाचं कुलूप काढा आता." कारण मामा कोठीचा रखवालदार, आणि बोलायला महाकंजूष.

कोठी म्हणजे टेकडीखालचा गोऱ्या साहेबाचा बंगला. साहेबाने बायकोसाठी हौसेने बांधला: रुंद जिना, घुमटाचं दालन, सगळा थाट. बाईसाहेबांनी कसाबसा एक उन्हाळा काढला आणि जहाजात बसून गेल्या त्या गेल्याच. मग साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, कोठीत कचेरी आली. कचेरी गेली, वाचनालय आलं. मामा आला तो या वाचनालयाबरोबर, आणि चिकटला.

एकदा एक मुलगी नकाशांच्या कपाटामागे वाचता वाचता झोपली आणि आत कोंडली गेली. सकाळी सापडली तेव्हा रडून रडून तिचा आवाज बसला होता. तेव्हापासून हाक मारल्याशिवाय मामाने कधी कुलूप लावलं नाही. घुमटाखाली उभा राहून विचारायचा, "आत कोणी आहे का?" घुमट जरा थांबून विचारायचा, "आहे का?" मामा म्हणायचा, "मी आहे." मग बाहेर येऊन कुलूप. गल्लीत मी दोघांचीही नक्कल करायचो, आणि घुमटाच्या नकलेला मामा स्वतः दाद द्यायचा.

कोठी पाडायचं ठरलं तेव्हा मामा कुणाशी भांडला नाही. त्याने एकच मागितलं, पाडायच्या आधी एक हाक मारू द्या. ठेकेदार नाकातून बोलणारा. म्हणाला, मामा, आत उंदीरसुद्धा राहिला नाही, पण तुमच्या मनासारखं होऊ दे, उद्या सकाळी तुम्ही आल्याशिवाय सुरू करत नाही.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, मागे मी. पण यंत्रवाल्याला पुढचं काम गाठायचं होतं, त्याने आदल्या संध्याकाळीच उरकून टाकलं होतं. घुमट होता तिथे नुसतं आभाळ. मामा ढिगाऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आत कोणी नव्हतं ना? बघितलं होतंत?"

ठेकेदाराने नाक पुसलं. म्हणाला, चाव्या तेवढ्या द्या, दारांबरोबर भंगारात जातील. मामाने कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या हातात ठेवला.

आता आम्ही कुठे बाहेर निघालो की मामा दारात थांबून आत हाक मारतो. दोन खोल्यांचं घर, त्यात दोरीवर कपडे. आवाज कशाला परत येतोय? तरी तो कान देऊन उभा. मामी पायरीवरून कुरकुरते, अहो, सगळे बाहेर आहोत, या एवढ्याशा घरात हरवणार कोण?

परवा आत्याकडे जायला निघालो. मी बूट शोधत आतच होतो. मामाने हाक मारली. मला वाटलं, हसेल तरी. मी जरा थांबलो आणि घुमटाच्या आवाजात विचारलं, "आहे का?"

"मी आहे," मामा म्हणाला. खणखणीत, जुन्या आवाजात. आणि त्याचा हात कमरेला गेला, चाचपत राहिला.

मामी पायरी चढून आली. तिने घराची चावी त्याच्यापुढे धरली.

मामाने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही कुठली?"