मागचं दाखवणारं हेल्मेट

अर्जुनरावांना ऐकू कमी येतं, हे घरात फक्त त्यांच्या बायकोला, जनकाबाईंना माहीत होतं. जनकाबाईंनी ते अशा सफाईने झाकलं होतं, की गावाला वाटायचं, माणूस मुळातच अबोल आहे. ओट्यावर बसून कुणी काही विचारलं, की त्या आतून त्यांच्यासमोर येऊन तोच प्रश्न मोठ्याने विचारायच्या, "अहो, गोविंदा इचारून राह्यला, सोयाबीन सोंगून झाली का?" मग अर्जुनराव विचार केल्यासारखं करून उत्तर द्यायचे.

मेहकरला ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या एका गॅरेजात पत्रा ठोकण्यात त्यांची सगळी उमर गेली होती. त्या ठोकण्यानेच कान गेले. डाव्या कानात आता नुसती रातकिड्यासारखी किरकिर उरली होती. उजव्या कानाला समोरच्या माणसाचं बोलणं कळायचं, तेही त्याचे ओठ दिसले तर.

ही गोष्ट त्यांनी मुला-सुनेपासून लपवली नसती. पण मध्येच छकुलीच्या शाळेचा प्रश्न आला. मुलगा हरिओम चाकणला कंपनीत होता, सून अर्पिता आणि नात छकुली गावीच राहत होत्या. छकुलीला मेहकरच्या शाळेत घातलं, आणि पहिल्याच आठवड्यात शाळेच्या ऑटोत पोरं कशी कोंबतात ते अर्जुनरावांनी पाहिलं. दोन पोरं तर ड्रायव्हरच्या मांडीशी बसलेली. त्याच संध्याकाळी ते घरात सगळ्यांसमोर म्हणाले, "माही नात असी नाई जानार. मी सोडतो, मी आनतो." हे बोलून बसल्यावर कानाचं सांगायचं कसं?

रोज सकाळी छकुलीला मागे बसवून ते मोटरसायकलला किक मारायचे. गाडी जुनी, तिचे आरसे थरथरायचे, आणि त्यांत स्वतःच्या कोपराशिवाय काही धड दिसायचं नाही. मागून येणारा ट्रक त्यांना ऐकूच यायचा नाही. तो एकदम उजव्या हाताला भिंतीसारखा उभा राहायचा, वाऱ्याचा झोत द्यायचा, हँडल हलायचं, आणि निघून जायचा. दर वेळी ते मनात म्हणायचे, आज वाचलो. शाळेच्या फाटकाशी छकुलीला उतरवलं, की ते थोडा वेळ गाडीवरच बसून राहायचे. लोकांना वाटायचं, आजोबाचा पाय निघत नाही.

एकदा घरी येताना छकुलीचा बूट पायातून निसटून रस्त्यावर पडला. ती ओरडली. मग तिने आजोबांच्या पाठीवर मुठी मारायला सुरुवात केली. अर्जुनरावांना वाटलं, पोरगी खेळतेय. ते हसून गाडी चालवत राहिले. शेवटी मागून एक तरुण मोटरसायकल बाजूला घेऊन आला आणि हात हलवून ओरडला, "ओ काका! पोरगी बोंबलून राह्यली न मांगं! कान हायेत का काय?"

बूट सापडला. पण घरी आल्या आल्या छकुलीने आईला सांगितलं, "आबाजी ऐकतच नाईत. मी रोज आवाज देते."

सासऱ्याला तोंडावर विचारण्याची त्या घरात रीत नव्हती. अर्पिताने पोरीच्या पायाला लागलंय का ते पाहिलं, चहा केला, आणि रात्री फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. बराच वेळ ती तिथे उभी राहून बोलत होती. अर्जुनराव खाटेवरून तिची पाठ पाहत राहिले. शब्द एकही कळला नाही, पण विषय कळला.

पंधरवड्याने हरिओमकडून कुरिअरने खोकं आलं. त्यात हेल्मेट होतं, नेहमीपेक्षा जड. त्याच्या मागच्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा होता, आणि आत, उजव्या डोळ्याच्या जरा वर, काडेपेटीएवढा पडदा. हरिओमने व्हिडिओ कॉल केला, आणि वडिलांना ओठ नीट दिसावेत म्हणून मोबाइल तोंडासमोर धरून सावकाश बोलला, "बाबा, याच्यात मांगचं समदं दिसते. मान वळवा लागत नाई. रातच्याले मोबाइलसारखं चार्जिंगले लावत जा."

'कान' हा शब्द त्याने काढला नाही. पण तो इतक्या सावकाश बोलला, त्यावरूनच अर्जुनराव ओशाळले.

पहिल्या दिवशी त्यांना नवल वाटलं. मागचा रस्ता, बाभळी, मागून येणारी काळीपिवळी जीप, सगळं त्या इवल्या पडद्यात. दुसऱ्या दिवसापासून मात्र धास्ती वाढली. आधी ट्रक दिसायचा तो शेजारून जाताना. आता तो लांबून येताना दिसायचा, मोठा होत जायचा, पाठीला चिकटून राहायचा आणि ओलांडून जायचाच नाही. एवढी संकटं रोज आपल्या मागे होती, आणि आपण त्यांच्यापुढे नातीला बसवून खुशाल चाललो होतो! अर्जुनराव गाडी डांबराच्या कडेला घ्यायचे, मग कडेच्याही खाली मुरमावर घ्यायचे. घामाने हेल्मेटच्या आतली गादी ओली व्हायची.

त्या पडद्याच्या खालच्या काठाला आणखी एक गोष्ट दिसायची. छकुलीचं तोंड. ती जरा मागे रेलून बसली, की तिचं लाल हेल्मेट आणि त्याखालचा चेहरा तिथे यायचा. आणि तो चेहरा बोलत असायचा. सतत. घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत, ओठ नुसते चालू. मध्येच ती थांबायची, आजोबांच्या पाठीकडे बघायची, आणि पुन्हा सुरू व्हायची.

अर्जुनरावांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की ही पोरगी पहिल्या दिवसापासून आपल्याशी बोलत आलीय. आपण मधूनमधून उगाच "हाव, हाव" म्हणतो, तेवढ्यावर तिचं चाललंय. त्यांना फार वाईट वाटलं. मग ते त्या ओठांकडे बघू लागले. एखादा शब्द लागायचा, 'मॅडम', 'डबा', 'अर्धीच पोळी'. शब्द लागला की आनंद व्हायचा, आणि पुढचा लागावा म्हणून नजर परत वर जायची.

आणि नेमकं तेच नडलं.

सोयाबीनचे दिवस होते. दुपारी शाळा सुटल्यावर ऊन चांगलंच होतं, आणि छकुली पेंगायला लागली. पडद्यात तिची मान एकदा उजवीकडे गेली, सावरली, परत गेली. अर्जुनरावांचा जीव उडाला. त्यांनी डावा हात मागे नेऊन तिचा फ्रॉक मुठीत धरला आणि ओरडले, "छकुले, झोपू नोको! झोपू नोको, बाप्पा!" डोळे पडद्यावर. तिने डोळे उघडले की नाही? उघडले. मिटले.

समोर पाहिलं तेव्हा पोत्यांनी भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. ट्रॅक्टर बंद पडला होता. मागे ना दगड ठेवलेला, ना झाडाची फांदी टाकलेली.

त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे टाकली. गाडी मुरमावरून घसरली आणि कडेच्या चारीत आडवी झाली. चारीत गवत होतं, म्हणून निभावलं. अर्जुनरावांचं मनगट हँडलखाली आलं. ते त्यांनी ओढून काढलं आणि आधी नातीकडे धावले.

छकुली बसलेली होती. हनुवटी खरचटली होती, गुडघ्यातून रक्त येत होतं. तोंड मोठ्ठं उघडं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती रडत होती. आणि अर्जुनरावांना काहीच ऐकू येत नव्हतं.

त्यांनी हेल्मेट उपटून फेकलं. तरी फक्त किरकिर. मग छकुली काहीतरी बोलू लागली, हुंदके देत, भराभर. हुंदक्यांमुळे ओठ असे वेडेवाकडे होत होते, की एकही शब्द लागेना. कुठे दुखतंय ते सांगत असेल का? डोकं? पोट?

ट्रॅक्टरवाला पळत आला होता. पन्नाशीचा माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला. अर्जुनरावांनी त्याचा दंड धरला.

"दादा, मले ऐकू येत नाई," ते म्हणाले. "काईच ऐकू येत नाई मले. तुमी ऐका. पोरगी काय म्हनून राह्यली ते मले सांगा."

तो माणूस क्षणभर गांगरला. मग छकुलीशेजारी उकिडवा बसला, तिचं ऐकलं, आणि अर्जुनरावांकडे तोंड करून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "ती म्हन्ते, आईले सांगू नोका. आई तुमच्यावर कावन."

अर्जुनराव तिथेच चारीच्या काठावर बसले. एवढंसं लेकरू, रक्त वाहतंय, आणि तिला चिंता आजोबाचं लपवण्याची. जनकाबाईंनी लपवलं, आपण लपवलं, आणि आता हिलाही ते जमायला लागलं.

ट्रॅक्टरवाल्याने एक जीप थांबवून दोघांना मेहकरला दवाखान्यात नेलं. छकुलीचं डोकं हेल्मेटने वाचलं होतं. अर्जुनरावांच्या मनगटाला प्लास्टर बसलं. घरी पोहोचल्यावर अर्पिता पोरीला छातीशी धरून उभी राहिली. जनकाबाई लगबगीने पुढे झाल्या, "अवो, रस्त्यात ट्रॅक्टर उभं होतं म्हन्ते, यांची काय गलती..."

"थांब तू," अर्जुनराव बायकोला म्हणाले. मग सुनेकडे वळले. "अर्पिता, मले दोन वर्सांपासून ऐकू येत नाई. डावा कान तर गेलाच. मी पोरीले गाडीवर न्याले नोको होतं. तुया सासूनं झाकलं, मी झाकलं. गलती माही हाये."

अर्पिताने मान वर केली. ती काय बोलली ते त्यांना दिसलं, "मले समजलं होतं, मामाजी. त्या बुटाच्या दिवशीच समजलं होतं. मी बोलले असते तर आज..." पुढचं तिने पदरात तोंड घातल्यामुळे दिसलं नाही.

ती चार-पाच दिवस सासऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषधाची आठवण हाताने करून द्यायची, पण बोलायची नाही. हा राग आपल्यावर किती आणि तिच्या स्वतःवर किती, ते अर्जुनरावांना उमगेना. छकुली तेव्हापासून शाळेच्या ऑटोने जाऊ लागली. ऑटो फाट्यावर येईपर्यंत सासू-सून दोघी दारात उभ्या. ऑटोला उशीर झाला की अर्पिताचा चेहरा पांढरा पडायचा.

बुलढाण्याला नेऊन कानाची तपासणी झाली. उजव्या कानाला मशीन बसलं. घरात, ओट्यावर त्याचा उपयोग होता. हेल्मेट घातलं की मात्र ते कानात शिट्टी मारायचं. गाडीचा विषय तिथेच संपला.

एका संध्याकाळी अर्पिता हातात ते हेल्मेट घेऊन समोर येऊन उभी राहिली. कडेला ओरखडे पडले होते, पडदा शाबूत होता.

"मामाजी," ती म्हणाली, "यांच्याकडून स्कूटी मागवून घेते म्हन्ते मी. मले शिकवसान का?"

"तुले रस्त्याचं भेव वाटते न?"

"वाटते. ऑटोचं त्याच्याऊन जास्त वाटते."

दिवाळीनंतर गावाबाहेरच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. अर्जुनराव मशीन लावून मागे बसायचे. अर्पिताचे खांदे ताठ, ब्रेक एकदम दाबायची, दोनदा दोघेही धुळीत पडले. पुढे ती रस्त्यावर गाडी चालवू लागली. लायसन मिळालं, त्या दिवशी त्यांनी तिला थांबवून सांगितलं, "हे पाय, अर्पिता. मांगं पाह्याचं, पन नजर पडद्यावर टेकवाची नाई. पाह्यलं का सोडून द्याचं. पोरगी बोलली तरी, रडली तरी. पह्यले गाडी बाजूले घ्याची, उभी कराची, मंग तिचं तोंड पाह्याचं. मी हेच नाई केलं."

"हाव," ती म्हणाली. आणि तेच हेल्मेट घालून, छकुलीला कमरेला ओढणीने बांधून निघाली.

आता अर्पिता दोन वेळा मेहकरला जाते, येते. अर्जुनराव दुपारी फाट्यावरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहतात. मशीन कानात असतं, तरी ते कानावर भरवसा ठेवत नाहीत, रस्त्याकडेच बघत राहतात. ट्रक येतात, जीपा येतात, उसाच्या बैलगाड्या येतात. प्रत्येक दुचाकीला ते डोळे बारीक करतात. वळणावर छकुलीचं लाल हेल्मेट दिसलं, की खिशातली मूठ सैल करून घराकडे चालू लागतात. आपण वाट बघत होतो हे सुनेला कळू नये, एवढंच त्यांना वाटतं.