सुकडीची खोली

नातीच्या अंगणवाडीत पाऊल टाकलं आणि भाजलेल्या गव्हाचा, गुळाचा तोच वास आला. बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. तिथं अनुदानातून मनोरुग्णांसाठी एक खोली बांधली होती. पण डॉक्टर नेमायच्या आतच पुढचं अनुदान दुष्काळाकडं वळलं आणि खोलीत दुष्काळी कामावर वाटायच्या गहू-गुळाच्या सुकडीची पोती लागली. एका दुपारी एक बाई नवऱ्याला बैलगाडीतून घेऊन आली. त्याचे हात दाव्यानं बांधलेले, आणि मनगटं काचू नयेत म्हणून दाव्याखाली तिनं आपल्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. मी म्हटलं, "इथं सोय नाही बाई, पुण्याला न्यावं लागेल." ती म्हणाली, "बांधलेल्या मानसाला यष्टीत घेत न्हाईत, आन सोडलं तर हे बसत न्हाईत. मंग कसं न्यावं, तुमीच सांगा." त्याच खोलीतून ओंजळभर सुकडी आणून मी तिच्या पदरात घातली. गाडीच्या चाकाशी बसून ती त्याला भरवू लागली. "खावा," ती म्हणाली, "सरकारनं तुमच्यासाठीच धाडलंय." आज नातीनं तसाच घास माझ्यापुढं धरला, आणि मला तोंड उघडवेना.