हौसाबाईंची गाठ

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीला तर नाहीच. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून बसले की पुष्कळदा हे ओठांपर्यंत यायचं, पण तिथेसुद्धा मी मोघमच राहिले. सगळ्यांच्या चुकांत माझी एक ढकलून दिली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सुरुवात तुमच्यापासून करतेय. सोपं पडेल असं वाटलं होतं. नाही पडत.

आधी बाजाराचं सांगते. गेल्या हिवाळ्यात आमच्या सावेडीत, एका मोकळ्या मैदानावर शनिवार-रविवारचा कलाबाजार सुरू झाला. मातीची भांडी, चित्रं, लाकडी खेळणी, बांबूचे दिवे, सगळं उघड्यावर, करणारा माणूस समोर बसलेला. नगरमध्ये असलं चालेल का, अशी सगळ्यांनाच शंका होती. पहिल्याच संध्याकाळी स्कूटर लावायला जागा उरली नाही. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. एक तर मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आणि दुसरं म्हणजे 'सरोज गाठ'.

सरोज म्हणजे मी. गाठ म्हणजे रंगीत सुताच्या आठ पदरांची, चौकोनी, मधोमध डोळा असल्यासारखी. तिचे मी भिंतीवर लावायचे पट्टे करते. लोक म्हणतात, ही गाठ सरोज मॅडमनी शोधली. का म्हणतात? मी तसं सांगितलं, म्हणून.

अठरा वर्षांपूर्वी मी शाळेच्या मुलांना घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांची चित्रं काढायला नेलं होतं. तिथे हौसाबाई बसायच्या. बैलांसाठी सुताच्या मोरक्या, माळा, गोंडे करून विकायच्या. पायाच्या अंगठ्यात सूत अडकवून त्यांचे हात चालले होते आणि ती गाठ एकामागून एक पडत होती. मी चित्रं तपासायची विसरले. पुढे रजा काढून सहा-सात बाजार केले, त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून शिकले. बैलानं मान झटकली तरी सुटू नये म्हणून ती गाठ त्यांनी स्वतः काढली होती. "माजी हाय ही. दुसऱ्या कुनाला येत न्हाई," असं ठसक्यात सांगायच्या. तरी मला शिकवली. मी विचारलं, म्हणून. एवढंच.

मग शहरातल्या एका प्रदर्शनात माझा पट्टा लागला. वार्ताहर मुलीनं विचारलं, ही गाठ कुठून शिकलात? उत्तर एका नावाचं होतं. मी म्हणाले, "प्रयोग करता करता सापडली."

कशासाठी? कोणी दटावत नव्हतं, काही अडलं नव्हतं. चित्रकलेच्या बाईला शाळेत कोण विचारतं? परीक्षा आली की तिचा तास गणिताला जातो. एकदा तरी काहीतरी माझं असावं, असं वाटलं. सबब नाही ही. असं झालं, ते सांगतेय. बातमी छापून आली. कात्रण फळ्यावर लागलं. मी पुन्हा घोडेगावला गेले नाही.

इथपर्यंत सांगता येतं, बघा. खोटं कोण बोलत नाही? पण पुढचं —

कलाबाजारात जागा थोड्या होत्या, अर्ज दुपटीहून जास्त. निवडायला आम्ही तिघं. एका दुपारी मंदा नावाची बाई आली. मी तिला ओळखत नव्हते. तिनं पिशवीतून वस्तू काढल्या. तीच गाठ. माझ्याहून घट्ट, माझ्याहून देखणी. आमच्यातला योगेश चटकन म्हणाला, "अहो, ही तर मॅडमची गाठ!"

"न्हाई," मंदा म्हणाली. "आमच्या सासूबाईंची हाय. हौसाबाई, घोडेगावच्या."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं — नाही का? मी चष्मा पुसला. म्हणाले, "हल्ली मोबाईलवर बघून कोणीही करतं. नकला घेतल्या तर बाजाराचं नाव जाईल."

मंदा वाद घालत बसली नाही. एकेक वस्तू नीट घडी करून पिशवीत ठेवली. दारात चपला घालताना एकदा वळून पाहिलं, आणि गेली.

माझा गुन्हा हा आहे. ते जुनं खोटं नव्हे — हा. जिची वस्तू, तिच्याच घरच्या माणसाला मी चोर ठरवलं, आणि घरी येऊन मेथी निवडत बसले.

बाजाराच्या तिसऱ्या रविवारी हौसाबाई आल्या. बाजार बघायला, मंदाचा हात धरून. नजर अधू झालेली. मी माझ्या स्टॉलवर गिऱ्हाइकाशी बोलत होते, त्या आवाजावर थांबल्या. "सरोजबाई का? अगं बाई!" माझ्या पट्ट्यावरून बोटं फिरवली. "शेवटचा पदर उलटा घेतलाय तुमी. सुटंल की." आणि माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी ती गाठ सोडली, पुन्हा घातली. मग सुनेला म्हणाल्या, "मंदे, बघ. बाईंनी आपली गाठ कुठवर आनली!"

त्यांच्या डोक्यावर माझा बोर्ड होता — 'सरोज गाठ, मूळ रचना'. हौसाबाईंना वाचता येत नाही. मंदाला येतं. तिनं तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सासूला म्हणाली, "व्हय आत्या. लई लांब आनली."

आणि मी काय केलं? चहा मागवला.

काल अर्जावरचा नंबर बघून मंदाला फोन लावला. म्हणाले, शनिवारी बाजारात सासूबाईंना घेऊन या. मला माइकवर बोलायचंय — गाठ कोणाची, आणि तुम्हाला नक्कल कोण म्हणालं, तेही. ती म्हणाली, "त्यांना यातलं काईच ठावं न्हाई, मॅडम. म्या सांगितलंच न्हाई. तुमचं लई कवतिक करत्यात त्या. ऱ्हाऊ द्या आता."

राहू द्या. क्षणभर मला हायसं वाटलं — हो, तेही कबूल करते. मग म्हणाले, "नाही. या तुम्ही."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी आज योगेशला माझी स्टॉलची जागा सोडल्याचं लिहून दिलं. कारण शनिवारी कळेल, एवढंच त्यात आहे. त्या दोघी नाही आल्या, तर बाजारात बोलून झाल्यावर दुसऱ्या दिवशी घोडेगावला जाईन आणि त्यांच्या दारात तेच बोलेन. आल्या, तर पुढच्या रांगेत बसतील. माझा आवाज ऐकून हौसाबाई हसतील, कारण तोवर त्यांना काहीच माहीत नसेल. त्या हसत असतानाच मला पहिलं वाक्य बोलायचं आहे.